‘तपासले, ठीक’

खोडद, ता. जुन्नर
७ नोव्हेंबर २००५

दादास साळूचा नमस्कार.

दर पत्राला तीर्थरूप लिहिते. आज लिहायला घेतलं आणि पेन थांबलं, म्हणून नुसतं दादा. ‘तुम्ही’ म्हणून बघितलं, तेही जमेना. तर तूच.

इकडं आम्ही दोघी आणि मामंजी बरे आहोत. कांद्याचं रोप टाकलंय. हर्षालीचा दहावीचा अभ्यास चालू आहे. गणित सांगायला घरात कुणी नाही, म्हणून ती इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या कॉलनीतल्या एका बाईंकडे जाते. माझ्या अंगणवाडीत पोरं वाढलीत, खोली तेवढीच आहे. अंबावहिनीचा गुडघा कसा आहे?

भाऊबीजेला मी आले नाही. आईला जाऊन दोन महिने झालेत, यंदा सण करायचा नाही, असं मी वहिनीला फोनवर सांगितलं. ते निमित्त होतं. तुला ओवाळायला माझा हात उचलला नसता, हे खरं कारण.

त्याच फोनवर वहिनी म्हणाली, “तुमच्या दादांचं नाव आलंय बरं का यादीत. फेब्रुवारीत निघायचं. मलाबी न्हेणारेत.” नव्या करारात आपली निवृत्त माणसं त्या बेटावर पुन्हा पाठवणार आहेत, दोन वर्षं, तिथल्या खलाशांना शिकवायला. काय शिकवायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, बोटीवर आग लागली तर माणसं कशी बाहेर काढायची ते. मी हसले. तिला वाटलं, नणंदेला आनंद झाला.

आता कामाचं. जुन्नरच्या धरमचंद शेटजींची मुलगी रिद्धी वकील झालीय, कापडाच्या दुकानवाल्यांची. श्रावणात मला त्या बेटाच्या सरकारचं इंग्रजीतलं एक रजिस्टर पत्र आलं, ते घेऊन मी तिच्याकडं गेले. रिद्धीताई म्हणाल्या, इथून पुढं भावाला जे लिहाल ते धडपणे लिहा, तिऱ्हाइतानं वाचलं तरी समजलं पाहिजे. म्हणून तुला माहीत असलेलंही लिहिते.

१९९६ साली आपल्या सरकारनं त्या बेटाच्या देशाला गस्तीची जुनी बोट देऊ केली आणि ती चालवायला शिकवण्यासाठी आपली नौदलाची माणसं दिली. तू इंजिनरूमचा चीफ होतास. माझे मालक, धर्माजी, तुझ्या हाताखाली. तेव्हा तिथल्या संसदेनं एक कायदा केला. पाहुण्या माणसांवर तिथल्या पोलिसांचा आणि कोर्टाचा अधिकार नाही. बोटीवर कुणी मेलं तर चौकशी बोटीवरच्यांनीच करायची. मेलेल्याच्या घरच्यांना तिथं दाद मागता येणार नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला इंजिनरूमला आग लागली आणि हे आत राहिले. तुम्ही तिघांनी एका दुपारी चौकशी उरकली. वर निघायचं झाकण चालू स्थितीत होतं, मयतानं ते आतून अडकवून घेतलं, मृत्यू स्वतःच्या हलगर्जीपणामुळे, असं लिहिलं. पहिला जबाब तुझा.

यंदा तो करार नव्यानं झाला आणि त्यांच्या संसदेनं तो कायदा बदलला. घरच्यांनी नवा पुरावा दिला तर जुन्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडता येते. मुदत जानेवारीअखेर आहे.

माझ्याकडं पुरावा आहे. ह्यांचं शेवटचं पत्र. दहावा होऊन गेल्यावर ते माझ्या हातात पडलं. आठ वर्षं माझ्या पेटीत आहे. आईला ठाऊक होतं. तिनं तुला सांगितलं होतं का, ते मला माहीत नाही.

तू स्वतःहून खरं लिहून देतोस का? महिनाभर थांबते. नंतर माझं मी बघेन.

साळू

•

अवसरी खुर्द
२१ नोव्हेंबर २००५

चि. साळूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. वहिनीला दाखवलं नाही, तिचं बीपी वाढतं.

तुला कुणीतरी फूस लावली आहे. बोट म्हणजे अंगणवाडी नव्हे. तिथं वरून हुकूम येतो आणि खालच्यानं तो पाळायचा असतो. बोट त्यांच्या ताब्यात द्यायचा सोहळा दोन दिवसांवर आला होता. त्यांचे मंत्री येणार, बँड येणार. साहेब म्हणाले, चीफ, रजिस्टर कम्प्लीट पाहिजे. मी कम्प्लीट केलं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. झाकणाचं हँडल जड होतं, एवढंच. घणाच्या दोन ठोक्यांत उघडलं असतं.

धर्मा माझा मेव्हणा नंतर झाला, दोस्त आधी. एका दिवशी भरती झालो, एका ताटात जेवलो. तुझ्यासाठी त्याचं स्थळ मीच आणलं. त्याची पेटी घेऊन मुंबईपासून खोडदपर्यंत ट्रकमध्ये मीच बसून आलो, पावसात. ते तू विसरलीस. हर्षालीच्या आजारपणात, तुझ्या सासऱ्याच्या ऑपरेशनला कोण उभं राहिलं, तेही विसरलीस.

आईच्या डोक्यावर हात ठेवून तू शपथ घेतली होतीस. होय, आई मला सगळं सांगून गेली. ती शपथ तू मोडणार असशील तर तुझ्या मनाला विचार.

आणि पत्रं जपून ठेवणारी तू एकटी नाहीस. जून ९७ मध्ये तू मला लिहिलेलं दोन पानी पत्र माझ्या ट्रंकेत आहे. त्यात काय आहे ते तुला पाठ असेल. तू धर्माचं पत्र पाठवलंस तर मी तुझं पाठवीन, आणि एक झेरॉक्स हर्षालीच्या नावानं. तिचं वर्ष महत्त्वाचं आहे, म्हणून आधी सांगून ठेवतो.

चौकशी निघाली तर माझं जाणं रद्द होईल. या वयात पुन्हा कोण विचारणार? सख्ख्या भावाला गोत्यात घालून तुला धर्मा परत मिळणार आहे का?

संक्रांतीला ये. बसून बोलू.

गेणूदादा

•

खोडद
१८ डिसेंबर २००५

दादा,

उत्तराला उशीर झाला. आधी घरात एक काम उरकायचं होतं. ते उरकल्यावर परवा, सोळा तारखेला, नारायणगावच्या पोस्टातून अर्ज रजिस्टर केला. संक्रांतीला बसून बोलण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

तू पेटीबरोबर पावसात बसून आलास, ते मी विसरलेले नाही. त्या दिवसाचं काहीच विसरलेले नाही. पेटी सील केलेली होती. मामंजी म्हणाले, “एकडाव तोंड दावा पोराचं.” तू म्हणालास, “उघडता येत न्हाई, नियम हाय.” ते मग त्या लाकडावर हात फिरवत बसले, जसा बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा. हर्षाली सात वर्षांची. ती मला म्हणाली, यात पप्पा नसतीलच, हे उगं आणलंय.

नंतर मारुतीच्या देवळापुढं गडीमाणसं जमली होती. मी बायकांत बसले होते, पण मला ऐकू आलं. कुणीतरी विचारलं, झालं कसं? तू म्हणालास, “काय सांगू मंडळी. धर्मानंच आतून कडी घालून घेतली. घाबरला.”

घाबरला. तुझा तो शब्द या गावात आठ वर्षं राहिला. ह्यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, माणूस भला, पण ऐन वेळी घाबरला. मामंजींनी त्यापायी देवळात बसायला जाणं सोडलं. दोन वर्षांमागं हर्षालीच्या शाळेत सैनिकांच्या मुलांचा सत्कार होता. तिचं नाव यादीत घातलं आणि आदल्या दिवशी काढलं, कारण कागदावर हलगर्जीपणा लिहिलाय. ती नवी वेणी घालून गेली होती. घरी येऊन तिनं वेणी सोडली आणि विचारलं, “आई, हलगर्जीपणा म्हंजी नेमकं काय केलं व्हतं पप्पांनी?” तेव्हा ह्यांचं पत्र माझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली होतं. मी म्हणाले, मोठी झालीस की सांगेन.

ते पत्र दहाव्यानंतर चार दिवसांनी आलं. पाकिटावर ह्यांचं अक्षर बघून मला वाटलं, पोरगी म्हणाली तेच खरं, पेटीत दुसरंच कुणी होतं. उभ्या उभ्या फोडलं. तारीख १० ऑगस्टची होती. त्यातला मजकूर आता तिकडं पोचेलच, तरी तुझ्यासाठी उतरवते.

“वर निघायच्या झाकणाचं हँडल गंजून गच्च झालंय. दोघं लोंबकळलो तरी हलत नाही. गेणूला तीनदा सांगितलं. तो म्हणतो, सोहळा होऊ दे मग बघू. आज वही बघितली तर त्यात ‘तपासले, ठीक’ लिहून खाली त्याची सही. मी म्हणालो, असं नको करू. तर म्हणाला, दाजी आहेस तर दाजीसारखा राहा. साळू, यातलं तू त्याला काही लिहू नकोस, मनाला लावून घेईल.”

शेवटी ह्यांना काळजी तुझ्या मनाची.

ते मी अवसरीला येऊन आईला वाचून दाखवलं. तू तेव्हा परत बोटीवर गेला होतास. आई चुलीपुढं बसली होती. तिनं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “जावई गेला. आता ल्योकबी घालवू का? ठेव माझ्या डोक्यावर हात.” मी ठेवला. आपल्या आईला, ठकूबाईला, दोनच लेकरं, तिनं दुसरं काय करावं? आई होती तोवर मी तोंड उघडलं नाही. सप्टेंबरात तिला अग्नी दिला तेव्हा तू रडत होतास आणि मी मनात म्हणत होते, सुटले. शपथ तिच्या जिवाची होती. ती मी पाळली. तुला अभय द्यायची शपथ मी घेतलेली नाही.

आता माझ्या पत्राचं, ज्याची तू मला भीती घातलीस.

जून ९७ मध्ये ह्यांनी परत यायचा अर्ज केला होता. बोटीवर बरं नाही, परत येतो, मग तुम्हा दोघींना घेऊन विशाखापट्टणमला राहू, असं मला लिहिलं. मी तेव्हा अंगणवाडीच्या ट्रेनिंगला जुन्नरला जात होते. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदा मला सकाळी घरातून बाहेर पडायला कारण मिळालं होतं. हातात वही, खांद्याला पिशवी. मला ते सोडायचं नव्हतं. म्हणून मी तुला लिहिलं, ह्यांचा अर्ज सहा महिने दाबून ठेव, माझी नेमणूक होऊ दे, आणि मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नको. तू दाबलास. सहा महिने लागलेच नाहीत.

दादा, हे ओझं मी रोज पोरांना खाऊ वाटताना वाहिलंय. ज्या नोकरीसाठी त्यांना तिकडं अडकवलं, तीच करून आज पोट भरते. मी तसं लिहिलं नसतं तर ते जुलैत घरी असते. हे मी नाकारत नाही. पण मी त्यांना बोटीवर ठेवायला सांगितलं होतं. बंद झाकणाच्या खाली ठेवायला सांगितलं नव्हतं. ते तू ठेवलंस, आणि वर सही केलीस.

तू मला त्या पत्राची भीती घातलीस. मग मी ठरवलं, तुझ्या ट्रंकेतून पोरीपर्यंत पोचायच्या आधी माझ्या तोंडातून पोचू दे. पाच तारखेला आम्ही कांदा लावत होतो. ती माझ्या शेजारच्या सरीत. मी वर न बघता सगळं सांगितलं, ह्यांचं पत्र, आईची शपथ, तुझी सही आणि शेवटी माझं. ती रोपं लावत राहिली. सरी संपल्यावर म्हणाली, “पप्पांना कळलं व्हतं का, तू मामाला लिवलं त्ये?”

“न्हाई.”

“मंजी त्यांना वाटत व्हतं, मामाच सोडत न्हाई.”

“व्हय.”

ती उठून बांधावर गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायची, शाळेत जायची, आजोबांशी बोलायची. मला तेव्हा वाटलं, तू जिंकलास. पाचव्या दिवशी रिद्धीताईंनी करून दिलेला अर्जाचा मसुदा तिनं मांडीवर घेतला आणि म्हणाली, तुझं अक्षर वाकडं येतं, मी लिहिते. सगळा अर्ज तिनं लिहिला. तू ज्याची भीती घालत होतास, ते माझं जूनचं पत्रही त्यात लिहिलंय, जसं आठवलं तसं. तुला चौकशीचा कागद येईल तेव्हा अक्षर ओळखशील. तुझ्या भाचीचं आहे.

आणखी एक. रिद्धीताईंनी तिकडच्या पोलिसांना लिहिलं होतं. नव्या कायद्यानं आता त्यांना आम्हाला कागद द्यावे लागतात. गेल्या आठवड्यात एक प्रत आली. आगीच्या दुसऱ्याच दिवशी तिथला एक खलाशी, इंजिनरूममध्ये ह्यांच्या हाताखाली शिकणारा, आपण होऊन पोलीस ठाण्यात गेला होता. त्यानं जबाब दिला, की आग लागल्यावर धर्माजीनं मला मोठ्या दारातून बाहेर ढकललं आणि स्वतः परत आत गेला, वरच्या झाकणाचं हँडल आधीपासून अडकलेलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. पोलिसांनी लिहून घेतलं आणि कागदावर शिक्का मारला, अधिकार नाही. तुम्ही तिघं जी चौकशी करत होता, त्या बोटीपासून ते ठाणं चालत दहा मिनिटांवर आहे, असं त्यात नकाशावर दाखवलंय. दहा मिनिटं. कायद्यानं तेवढी वाट बंद केली होती आणि तुम्ही त्या कायद्याच्या आडोशाला जेवून झोपलात.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग ९७ मध्ये आला होता. आता जे आहे ते थंड आहे आणि पुष्कळ दिवस पुरेल.

तुझ्या ट्रंकेतलं पत्र कुणाला पाठवायचं असेल तर खुशाल पाठव.

साळू

•

खोडद
२० जुलै २००६

दादा,

निकालाचा कागद तुलाही आला असेल. मला परवा आला. रिद्धीताईंनी फोनवर वाचून दाखवला, मग मी जुन्नरला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. ‘स्वतःच्या हलगर्जीपणामुळे’ ही ओळ काढली आहे. ‘कर्तव्य बजावताना’ असं आहे. खोटी नोंद केल्याचा शेरा तुझ्या नावापुढं लागला, आणि शिकवायला जाणाऱ्यांच्या यादीतलं तुझं नाव, फेब्रुवारीत नुसतं थांबवलेलं, आता कायमचं गेलं. ज्या साहेबांनी तुला सही करायला सांगितलं, ते मुलाकडं परदेशात राहतात. त्यांना पाठवलेलं पत्र न घेता परत आलं. त्यांचं नाव निकालात एकदाही नाही. रिद्धीताई म्हणाल्या, या कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. तुझ्यापर्यंत पोचला, मला तेवढ्यावर भागवावं लागेल.

चौदा जूनला मुंबईत चौकशीच्या वेळी तुला बघितलं. मी आळेफाट्याहून रिद्धीताईंबरोबर पहाटेच्या गाडीनं आले होते. घाटभर मी एकच मागत होते, की तू खोटं बोलावंस. ह्यांचं पत्र, त्या खलाशाचा जबाब, सगळं टेबलावर असताना तू खोटं बोलावंस आणि सगळ्यांदेखत पकडला जावंस. मला तुझं तोंड तेव्हा बघायचं होतं.

टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, झाकण तपासलं होतं का? तू माझ्याकडं बघितलंस. मी नजर हलवली नाही.

तू म्हणालास, “न्हाई साहेब. तपासलं नव्हतं. हँडल हलत नव्हतं, मला ठाऊक व्हतं. वरून सांगितलं म्हणून लिवलं, पण हात माझा व्हता.”

ते म्हणाले, मयत घाबरला होता, असं तुमच्या जुन्या जबाबात आहे.

“धर्मा घाबरला न्हाई. त्यो तेलाचा कॉक बंद कराया परत आत गेला. त्यानं बंद केला म्हणून आग टाकीपत्तूर गेली न्हाई. आमी एकोणीस जण वर व्हतो.” मग तू खाली बघून बोललास. “मोठं दार आगीनं अडवलं व्हतं. आमी वरून घण मारत व्हतो झाकणावर. आतून त्योबी मारत व्हता. मग आतून थांबलं.”

हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांच्या पत्रात ते असणं शक्य नव्हतं आणि त्या खलाशाला ते दिसलं नव्हतं. तुला ठाऊक होतं. घणाच्या दोन ठोक्यांत उघडलं असतं, असं मला नोव्हेंबरात लिहिताना तुला ठाऊक होतं. देवळापुढं ‘घाबरला’ म्हणताना तुझ्या कानात आतले ठोके असतील. ज्याच्या मरणानं तू जिवंत राहिलास त्याला तू घाबरट ठरवलंस, त्याच्याच दारात, त्याच्याच बापापुढं.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, “साळे, बोललो बघ समदं.” जणू मी तुला काहीतरी द्यायचं बाकी होतं. मी रिद्धीताईंना म्हणाले, चला, गाडी चुकेल. गाडीला अजून दोन तास होते.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, “वन्सं, ह्ये जेवत न्हाईत. दिसभर खाटंवर बसून असत्यात. कुणी दारात आलं की आत जात्यात. तुमी एकडाव येऊन जावा, तुमच्यानं बोलतील.” तिचा यात दोष नाही आणि तिच्यासाठी मला वाईट वाटतं. तुझ्यासाठी वाटलं का म्हणून मी स्वतःला चाचपून बघितलं. नाही वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पोटभर जेवले, हर्षालीनं विचारलं सुद्धा, आज काय आहे म्हणून. तिला मी सांगितलं नाही. दहावीला तिला एकोणऐंशी टक्के पडले. तिला हे शिकवायचं नाही, एवढं मला कळतं. ते माझ्यापाशी राहू दे.

लोक म्हणतील, भाऊ खरं बोलला, आता सोडून दे. मीही तसा विचार केला. मग लक्षात आलं, तू खरं बोललास ते दार लावलेल्या खोलीत, इंग्रजी कागदावर, सात माणसांपुढं. खोटं बोलला होतास ते उघड्यावर, गावापुढं. निकालाचा कागद मी मामंजींना वाचून दाखवला, तर ते म्हणाले, “सरकार काय, आज एक लिवतं, उद्या एक. गेणू काय म्हंतो?” तुझ्या तोंडचा शब्द आहे, तो तुझ्याच तोंडानं निघेल. या गावात दुसऱ्या कशानं निघणार नाही.

म्हणून हे पत्र.

येत्या तीन ऑगस्टला, गुरुवारी, ह्यांचं श्राद्ध आहे. दुपारी तीन वाजता मारुतीच्या देवळापुढं माणसं जमतील. कशासाठी ते मी सांगून ठेवलंय. ह्यांच्या बरोबर शाळेत असलेले सगळे येतील, पंचायतीतले येतील, दुर्बिणीवर कामाला आहेत ते सुट्टी टाकून येतील. हर्षालीही बसेल. तू यायचंस. उभं राहून, मुंबईत बोललास तेवढंच बोलायचंस. हँडलचं, सहीचं, तेलाच्या कॉकचं आणि घणाचं. घणाचं गाळू नकोस.

माफी मागू नकोस. तिच्यासाठी मी कुणाला बोलावलेलं नाही, आणि मागितलीस तर सगळ्यांदेखत नाही म्हणेन. माझं जूनचं पत्र आणायचं असेल तर आण. तुझं झाल्यावर ते मीच वाचून दाखवेन.

मामंजींना आता कमी ऐकू येतं. त्यांना मी अगदी पुढं, तुझ्या समोर बसवणार आहे. त्यांच्यासाठी मोठ्यानं बोलावं लागेल. त्यांनी कानाला हात लावला तर पुन्हा पहिल्यापासून बोलायचं.

साडेचारला नारायणगावची एस.टी. असते. ती तुला मिळेल.

धर्माजीची बायको,
साळुबाई